हॅरी ॲन्सलिंगर

हॅरी जेकब ॲन्सलिंगर (२० मे, इ.स. १८९२ – १४ नोव्हेंबर, इ.स. १९७५) हे अमेरिकेच्या संघीय अमली पदार्थ विभागाचे पहिले आयुक्त होते. इ.स. १९३० ते इ.स. १९६२ या ३२ वर्षांत त्यांनी पाच राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत हे पद सांभाळले. गांजावरील संघीय निर्बंधांचे ते प्रमुख पुरस्कर्ते मानले जातात.

पूर्वायुष्य

ॲन्सलिंगर यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील अल्टूना या गावी झाला. त्यांचे वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, तर आई जर्मन होती. तरुणपणी त्यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेत नोकरी केली. पुढे ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले. हेग, व्हेनेझुएला व बहामा येथे काम केल्यानंतर दारूबंदीच्या अंमलबजावणीसाठी त्यांची कोषागार खात्यात नेमणूक झाली. इ.स. १९३० मध्ये याच खात्यात अमली पदार्थांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला व त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

मारिजुआना कर कायदा

आरंभी ॲन्सलिंगर यांचा भर अफू, हेरॉइन व कोकेन यांवर होता. गांजाचा प्रश्न राज्यांनी हाताळावा, असे त्यांचे मत होते. इ.स. १९३० च्या दशकाच्या मध्यास ही भूमिका बदलली. गांजामुळे माणूस हिंसक व वेडा होतो, असा प्रचार त्यांनी लेख, भाषणे व रेडिओ यांद्वारे सुरू केला. त्यासाठी ते गुन्ह्यांच्या बातम्यांचा संग्रह वापरीत. या प्रचारात मेक्सिकन व कृष्णवर्णीय लोकांविषयीचा वंशद्वेष मिसळलेला होता, अशी टीका अभ्यासक करतात.

इ.स. १९३७ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे विधेयकाची सुनावणी झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी विधेयकास विरोध केला. तुरुंग, शाळा व आरोग्य खात्यांकडून प्रत्यक्ष माहिती न घेता केवळ वृत्तपत्रांवर विसंबणे त्यांना अयोग्य वाटले. वैद्यकात ही वनस्पती कॅनॅबिस या नावाने परिचित होती. ‘मारिजुआना’ या शब्दामुळे विधेयक आपल्या औषधाविषयी आहे हे वैद्यांच्या वेळीच लक्षात आले नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. समितीने तो मानला नाही. पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्यांची तक्रार मात्र ऐकली गेली आणि उगवणक्षमता नष्ट केलेल्या बियांना सूट मिळाली.

२ ऑगस्ट, इ.स. १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. नोंदणीकृत व्यक्तीस हस्तांतरणासाठी एका औंसास १ डॉलर, तर नोंदणी नसलेल्यास १०० डॉलर कर होता. स्वरूप कराचे असले तरी परिणाम बंदीचाच झाला.

वाद आणि कठोर शिक्षा

न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल इ.स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. गांजाचा गंभीर गुन्ह्यांशी थेट संबंध समितीला आढळला नाही. ॲन्सलिंगर यांनी हा अहवाल धुडकावला. व्यसन हा आजार मानून उपचार करण्याऐवजी शिक्षेचा धाक वाढवावा, हे त्यांचे धोरण कायम राहिले. इ.स. १९५१ च्या बॉग्ज कायद्याने किमान शिक्षा सक्तीची केली. इ.स. १९५६ च्या कायद्यानुसार गांजा पहिल्यांदा बाळगल्याबद्दलही २ ते १० वर्षे कारावास होऊ शकत असे. न्यायाधीशांना शिक्षा सौम्य करण्यास फारसा वाव उरला नाही.

आंतरराष्ट्रीय कार्य आणि भारत

ॲन्सलिंगर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगावर अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. इ.स. १९६१ च्या एकल करारात गांजाचा समावेश कठोर नियंत्रणाच्या यादीत झाला. भारतात भांगेचा वापर परंपरागत असल्याने व्याख्येचा प्रश्न महत्त्वाचा होता. करारातील व्याख्येत केवळ फुलोरा व राळ यांचा अंतर्भाव झाला. नुसती पाने व बिया वगळण्यात आल्या. परंपरागत सेवन थांबविण्यास २५ वर्षांची मुदतही ठेवण्यात आली. भारताच्या इ.स. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा व चरस यांवर बंदी आली. पानांपासून होणारी भांग मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली.

अखेर आणि मूल्यमापन

ॲन्सलिंगर यांचे निधन पेनसिल्व्हेनियातील हॉलिडेजबर्ग येथे झाले. त्यांच्या हयातीतच, इ.स. १९६९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कर कायद्यातील मुख्य तरतूद घटनाबाह्य ठरवली. कर भरणे म्हणजे स्वतःविरुद्धच पुरावा देणे ठरत होते. इ.स. १९७० मध्ये नवा कायदा आला, परंतु त्यातही गांजा सर्वांत कडक वर्गातच ठेवला गेला. आंतरराष्ट्रीय तस्करीविरुद्ध सहकार्य उभारणारे प्रशासक म्हणून त्यांचे श्रेय मान्य केले जाते. मात्र वैद्यकीय पुराव्याकडे दुर्लक्ष करून आखलेल्या त्यांच्या धोरणाची किंमत तुरुंगात गेलेल्या असंख्य सामान्य माणसांनी मोजली, असे टीकाकार मानतात.