स्वच्छ आवाजाचा ध्यास : दामलेमामा

मराठी चित्रपटाच्या इतिहासात व्ही. शांताराम यांचे नाव घराघरांत पोहोचले, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम देव्हाऱ्यात जाऊन बसला. पण त्या तुकारामाचा अभंग चित्रपटगृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला अक्षर न् अक्षर ऐकू जावा म्हणून ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्या विष्णुपंत गोविंद दामले यांच्याविषयी नव्या पिढीला फारशी माहिती नाही. ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ‘प्रभात’च्या ध्वनिविभागाची घडी बसवणारे तंत्रज्ञ ही त्यांची दुसरी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक मोलाची, ओळख मात्र मागे पडली आहे.

दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. कोकणातला हा मुलगा कोल्हापुरात पोहोचला आणि तेथेच घडला. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर तेव्हा चित्रकार, गवई, नाटकवाले आणि मल्ल यांनी गजबजलेले होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मेस्त्री बंधूंच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या मंडळींत दामले सामील झाले. कागलचे शेख फत्तेलाल हेही तेथलेच. या दोघांची जी जोडी तेथे जमली ती अखेरपर्यंत तुटली नाही. पुढे ‘प्रभात’मध्ये एक दामलेमामा आणि दुसरे साहेबमामा म्हणूनच ओळखले गेले. फत्तेलाल यांची नजर रंगरेषांची, दामले यांचा हात यंत्राचा. एकमेकांच्या क्षेत्रात लुडबूड न करता एकमेकांवाचून न चालणे असा तो दुर्मीळ योग होता.

बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राची वाट न पाहता कोल्हापुरातच चित्रीकरणाचा कॅमेरा तयार केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्या खटपटीतूनच उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र बिघडले तर दुरुस्त करायला मुंबईहून कोणी येणार नाही, आपणच ते खोलायचे आणि आपणच जोडायचे, अशा वातावरणात दामले तयार झाले. त्यांचे तांत्रिक शिक्षण म्हणायचे ते एवढेच. ‘महारथी कर्ण’ हा १९२८चा मूकपट दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केला, आणि त्यानंतर वर्षभरातच, १ जून १९२९ रोजी, दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीच्या व्यवसायातले सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली.

कंपनी मूकपटांत स्थिरावते न स्थिरावते तोच १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. बोलपटाचे हे खूळ किती दिवस टिकेल, याविषयी सिनेमावाल्यांमध्ये शंका होत्या. प्रेक्षकांना मात्र नव्हत्या. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या, बोलायला शिकणे किंवा बंद पडणे. ‘प्रभात’ने पहिली वाट धरली आणि ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांच्याकडे आली. त्यांचे वय तेव्हा अडतीस-एकोणचाळीस. पडदे रंगवणारा, कॅमेऱ्याशी झटणारा हा माणूस आता वाहकनलिका, ध्वनिवर्धक आणि प्रकाशझडपा यांचे शास्त्र नव्याने शिकू लागला. त्या काळात हे शिकवणारी शाळा देशात नव्हती.

ते काम किती नाजूक होते हे समजून घ्यायचे तर आवाज फिल्मवर कसा उमटतो ते पाहायला हवे. मायक्रोफोनमध्ये शिरलेल्या आवाजाचा विद्युतप्रवाह होतो, त्या प्रवाहाच्या चढउताराप्रमाणे एक प्रकाशरेषा हलते किंवा मंदप्रखर होते, आणि फिल्मच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर तिची छबी उमटते. चित्रपटगृहात त्या पट्टीतून पुन्हा प्रकाश जातो आणि प्रकाशविद्युत घट त्याचा आवाज करतो. म्हणजे त्या काळी ध्वनी हे एक छायाचित्रच होते. छायाचित्राला जे जे रोग होतात, ते सगळे आवाजालाही होत. पट्टीवर धूळ बसली की कडकड, ओरखडा पडला की टकटक, आणि फिल्मवरील चांदीच्या कणांमुळे सतत एक सूऽऽ असा फुत्कार. पात्रे बोलत असताना तो दबून जाई. संवाद थांबला, हरिश्चंद्र नि:शब्द उभा राहिला, की नेमका त्या करुण क्षणी तो फुत्कार चित्रपटगृहभर पसरे.

त्याहून अवघड प्रकरण ‘स’चे होते. स, श, ष यांच्या उच्चारात दातांच्या फटीतून हवा घासत बाहेर पडते. त्या घर्षणाची कंपने साधारणपणे सेकंदाला पाच ते आठ हजारांच्या घरात असतात. फिल्म सेकंदाला दीड फूट या वेगाने सरकते. सहा हजार कंपनांचा हिशेब केला तर एका मिलिमीटरमध्ये तेरा लाटा बसवाव्या लागतात. इतक्या बारीक रेघोट्या उमटताना प्रकाश फिल्मच्या लेपात किंचित पसरला, किंवा रसायनात फिल्म अंमळ जास्त धुतली गेली, की लाटांमधल्या फटी बुजतात आणि ‘सत्य’ या शब्दातला ‘स’ थुंकल्यासारखा बाहेर पडतो. यावर उपाय असा की मूळ निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेली प्रत, दोन्हींचा काळेपणा असा मोजून ठेवायचा की एकीतला पसरटपणा दुसरीने भरून काढावा. तेव्हा आवाज स्वच्छ करणे हे काम मायक्रोफोनपाशी संपत नसे, ते रसायनशाळेतल्या हौदापर्यंत चाले. मराठीला तर स-श-ष यांच्या जोडीला ‘चमचा’तला दंत्य च आणि ‘जहाज’मधला दंत्य ज आहे. हरिश्चंद्राच्या कथेत सत्याचा उच्चार टाळून चालणार तरी कसे!

‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. दिग्दर्शन शांताराम यांचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत, आणि ध्वनिमुद्रण दामले यांचे. पार्श्वगायनाची पद्धत हिंदुस्थानात १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने रूढ केली. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर गाई आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. एकाच मायक्रोफोनमध्ये गायक, तबला, कॅमेऱ्याची घरघर आणि कपड्यांची सळसळ असे सारे काही शिरे. नंतर वेगळे काढण्याची सोय नव्हती. जे नको ते आधीच थांबवायचे, एवढेच हाती. मायक्रोफोन कोठे टांगायचा, नटाने तोंड किती वळवायचे, वादकांना किती मागे सरकवायचे, यावरच सारे अवलंबून. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे पाहता-ऐकता येणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत ‘अयोध्येचा राजा’ची गणना होते. तो ऐकताना खरखर जाणवते, हे खरे. पण शब्द कळतात.

आजच्या वाचकाला हा सारा जुना काथ्याकूट वाटण्याची शक्यता आहे. पण हीच अडचण आज घरोघरी आली आहे. जळगावात मेहरूण तलावाच्या परिसरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कोणी आजीच्या तोंडच्या ओव्या मोबाईलवर टिपून ठेवू पाहतो, कोणी कथावाचन करतो, कोणी अभ्यासाचे धडे ध्वनिमुद्रित करतो, आणि ऐकून पाहिले की पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि कानाला टोचणारा ‘स’ हे तिघे आधी हजर. तंत्र बदलले तरी दामले यांच्या काळातला क्रम बदललेला नाही : आधी उगमापाशी इलाज, मग यंत्राकडे. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेवावा. भिंतीशी गोधडी टांगावी, नाहीतर कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसावे. उघड्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि ते घुमणे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण अगदी समोर न धरता किंचित बाजूला आणि तिरपा ठेवावा, म्हणजे दातांतून सुटणारा झोत त्याच्या शेजारून निघून जातो. बोलणे सुरू करण्यापूर्वी चार-पाच सेकंद गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करावी. ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला तोच नमुना दाखवून तेवढा गोंगाट वजा करता येतो. मात्र हात आखडता ठेवलेला बरा. गोंगाट पुरता पुसायच्या हव्यासात आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो, आणि ‘स’ फार दाबला की बोलणारा बोबडा वाटू लागतो. ‘स’ आला की तेवढ्यापुरती वरची कंपने खाली ओढणारे ‘डी-एसर’ नावाचे साधनही, गंमत म्हणजे, मुळात हॉलिवूडच्या चित्रपट-ध्वनिविभागांतच जन्माला आले. खान्देशात या खटाटोपाला वेगळाच अर्थ आहे. बहिणाबाई चौधरी या दामले यांच्याच काळातल्या. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती कागदावरून, १९५२च्या पुस्तकातून. ज्या घरात अशी एखादी म्हातारी अजून गुणगुणते आहे, त्या घराने पंखा बंद करायला हरकत नसावी.

असो. १९३३ साली ‘प्रभात’ कोल्हापूर सोडून पुण्याला आली आणि तिचा भव्य स्टुडिओ तेथे उभा राहिला. शांताराम यांचे ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’ यांनी ‘प्रभात’ची कीर्ती देशभर नेली. तंत्राच्या बाजूला राहिलेले दामले मात्र १९३६ साली फत्तेलाल यांच्यासह पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले आणि ‘संत तुकाराम’ तयार झाला. संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामाच्या भूमिकेसाठी निवडलेले पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गायक नट. जिजाई झालेली गौरी ही ‘प्रभात’मधल्या साध्या कामकरी वर्गातून पुढे आलेली स्त्री. एकाचा भजनात मुरलेला गळा, दुसरीची खणखणीत गावरान फेक. जिजाईचा त्रागा आणि तुकारामाचा शांत स्वर एका दृश्यात आमनेसामने येतात तेव्हा एकानेही दुसऱ्याला झाकोळू नये, याची जी काळजी या चित्रपटात दिसते, ती आवाजाची जाण असलेल्या दिग्दर्शकाचीच. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद तर लोक तुकोबांचेच समजू लागले. शब्द कानावर धड पोहोचले नसते तर हा गोड गैरसमज झाला नसता.

मुंबईत ‘संत तुकाराम’ वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. त्यानंतर या जोडीने १९३८ साली ‘गोपाळकृष्ण’ आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ दिला. ‘संत सखू’ १९४१ साली राजा नेने यांच्यासह झाला. संतपटांचा ठसा पुढे अनेकांनी गिरवला, पण त्यांत चमत्कारांची आतषबाजी वाढली आणि माणसे कमी झाली. दामले-फत्तेलाल यांच्या तुकारामाला आधी घरात पीठ नसते, चमत्कार नंतर येतो.

१९४२ साली शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले. कंपनीचे वैभव ओसरू लागले होते. दामले यांचे जुलै १९४५ मध्ये निधन झाले, तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या मागे ‘प्रभात’ फार काळ तग धरू शकली नाही. स्टुडिओची जागा पुढे सरकारने घेतली आणि १९६० साली तेथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आजही चित्रपटाचे विद्यार्थी त्याच आवारात ध्वनिमुद्रण शिकतात. साहेबमामा फत्तेलाल १९६४ साली गेले. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली.

जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि तेथे ठेवलेल्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म्स भस्मसात झाल्या. त्यांत ‘प्रभात’च्या चित्रपटांचे मूळ साहित्यही होते. सुदैवाने प्रती आधीच काढून ठेवल्या गेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचले. पण प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी थोडा फुत्कार वाढतो आणि थोडा ‘स’ बुजतो. आज संगणकावर या पट्ट्या साफ करणाऱ्या तंत्रज्ञांपुढे तोच पेच उभा राहतो. खरखर काढावी तर तिच्यासोबत जिजाईच्या बांगड्यांची किणकिण आणि टाळांची धार जाते. ठेवावी तर नव्या श्रोत्याला ती सहन होत नाही. जाणकार तंत्रज्ञ म्हणूनच ओरखड्यांची टकटक तेवढी एकेक करून वेचतात, आणि मागचा बारीक सूऽऽ थोडासा तसाच राहू देतात.