बॅबेज यांची अपुरी यंत्रे

संगणकाचे जनक म्हणून चार्ल्स बॅबेज यांचे नाव शालेय पुस्तकांपासून परिचयाचे आहे. मात्र या जनकाला हयातीत आपले एकही मोठे यंत्र पुरे करता आले नाही, हे फारसे सांगितले जात नाही.

लंडनमधील एका सधन पेढीवाल्याच्या घरी २६ डिसेंबर १७९१ रोजी त्यांचा जन्म झाला. खटपटी स्वभाव मूळचाच. बिजागऱ्यांच्या फळ्या पायांना बांधून डार्ट नदीच्या पाण्यावर चालण्याचा प्रयोग त्यांनी मुलपणी केला आणि बुडता बुडता वाचले.

१८२१ मध्ये मित्र जॉन हर्शेल यांच्यासमवेत ते खगोलशास्त्रीय कोष्टके तपासत होते. हाताने केलेल्या त्या आकडेमोडीत चुकांमागून चुका निघाल्या. अशाच कोष्टकांच्या भरवशावर तेव्हा जहाजे समुद्रात मार्ग काढत. हे काम यंत्राकडे का सोपवू नये, असा विचार बॅबेज यांच्या मनात आला. युक्ती साधी होती. १, ४, ९, १६ या वर्गसंख्यांमधील फरक ३, ५, ७ असे येतात आणि या फरकांमधील फरक नेहमी २ असतो. म्हणजे गुणाकार न करता नुसत्या बेरजांनी कोष्टक पुढे नेता येते, आणि बेरीज दातेरी चाकांना जमते. १८२२ मध्ये लहान नमुना तयार झाला. पुढच्याच वर्षी सरकारने ‘डिफरन्स इंजिन’साठी पैसे मंजूर केले.

काम वाढले तशी एवढ्या चाकांची हालचाल डोक्यात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा बॅबेज यांनी यंत्राची गती कागदावर मांडणारी स्वतंत्र चिन्हलिपी रचली आणि १८२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. कोष्टके वाचताना डोळ्यांना कमी शीण कशाने होतो, हे पाहण्यासाठी त्यांनी दीडशेहून अधिक छटांच्या कागदांवर निरनिराळ्या शाईंत आकडे छापून घेतले. साधन सुधारण्याचा हा ध्यास कधीकधी मूळ कामालाच मागे टाकी.

१८२७ हे वर्ष त्यांना फार जड गेले. वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन मुले त्या एकाच वर्षात गेली. वडिलोपार्जित संपत्ती हाती आली, पण घर रिकामे झाले. काही काळ ते युरोपात भटकत राहिले.

यंत्राचे काम जोसेफ क्लेमंट या निष्णात कारागिराकडे होते. १८३२ मध्ये गणनभागाचा सुमारे सातवा हिस्सा जोडून झाला आणि तो उत्तम चालला. मात्र पुढच्याच वर्षी पैशांवरून दोघांचे फाटले. कामासाठी घडवलेली हत्यारे कारागिराच्याच मालकीची, असा तेव्हाचा रिवाज होता. क्लेमंट ती घेऊन गेला आणि काम थांबले.

थांबलेले काम पुन्हा सुरू करण्याऐवजी १८३४ मध्ये बॅबेज यांना त्याहून मोठे यंत्र सुचले. ‘अॅनालिटिकल इंजिन’ला छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी आज्ञा द्यायच्या होत्या. ही कल्पना जॅकार्ड मागावरून घेतलेली होती. आकडे साठवायचे ते कोठार आणि आकडेमोड व्हायची ती गिरणी, ही नावेही वस्त्रोद्योगातलीच. १८३६ ते १८४० या काळात त्यांनी या न बांधलेल्या यंत्रासाठी दोन डझनांच्या आसपास आज्ञावल्या लिहिल्या. १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी विस्तृत टिपणे लिहून त्याची महती जगापुढे मांडली.

सरकारच्या दृष्टीने हा सारा व्यवहार अनाकलनीय होता. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झालेले यंत्र अपुरे, आणि त्याचा कर्ता नव्याचे गोडवे गातो! १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारने जुन्या कामाचा नाद सोडला. त्यात सरकारचे फार चुकले, असे म्हणवत नाही.

१८४७ ते १८४९ या काळात बॅबेज यांनी अधिक सुटसुटीत अशा दुसऱ्या डिफरन्स इंजिनचे आराखडे काढले. १८५२ मध्ये ते सरकारने नाकारले. नंतर वर्षभरातच स्वीडनमधील शॉइट्झ पितापुत्रांनी बॅबेज यांच्या यंत्राविषयीचा लेख वाचून बनवलेले साधेच डिफरन्स इंजिन पुरे केले आणि ते चालले. एरवी भांडखोर म्हणून ख्यात असलेल्या, रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशीही वैर धरणाऱ्या बॅबेज यांनी या परक्या यंत्राची मात्र मोकळ्या मनाने पाठराखण केली.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात लष्करी नोकरी केलेले पुत्र हेन्री यांनी पुढे अॅनालिटिकल इंजिनच्या गिरणीचा एक भाग बनवला.

त्या काळच्या कारागिरीला एवढे अचूक काम झेपणारे नव्हते, असे पुढे बरीच वर्षे मानले जाई. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने मात्र दुसरे डिफरन्स इंजिन मूळ आराखड्यांवरून, बॅबेज यांच्या काळात साधता आली असती तेवढ्याच अचूकतेने घडवले. १८४९ मध्ये कागदावर तयार झालेल्या या यंत्राचा गणनभाग १९९१ मध्ये चालू झाला. छपाईचा भाग २००२ मध्ये जोडला गेला. दांडा फिरवला की ते ३१ अंकांपर्यंतची उत्तरे काढते.