विश्लेषण : छडीशिवाय मुले एकाग्र कशी होतात? ताराबाई मोडकांचा धडा मालवणच्या अंगणात

मूल एका जागी बसत नाही, पटकन चिडते, ही तक्रार आज घरोघरी आहे. त्यावर स्पर्शाचे, तोल सांभाळण्याचे खेळ सुचवले जातात. महाराष्ट्रात हे खेळ रुजवले ते ताराबाई मोडक यांनी.

कोण होत्या ताराबाई?

जन्म मुंबईत, १९ एप्रिल १८९२ रोजी. १९१४ मध्ये पदवी. पुढे राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या बार्टन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. १९२३ मध्ये ही नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

खेळांनी काय साधते?

या कामाचा पाया मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. डोळे मिटून खरखरीत-गुळगुळीत ओळखायचे, वासावरून वस्तू सांगायची, आखलेल्या रेषेवरून भरलेला पेला न सांडता न्यायचा. पाणी सांडले की चूक मुलाला स्वतःलाच कळते, कोणी ओरडावे लागत नाही. शांततेच्या खेळात मुले हालचाल थांबवून दुरून हळूच पुकारलेले आपले नाव ऐकतात. छडीची शांतता छडी असेपर्यंतच टिकते. इथे मूल स्वतःला आवरायला शिकते.

अडचण काय होती?

माँटेसरी साहित्य महाग होते आणि खेड्यातली गरीब मुले या शिक्षणाबाहेरच राहत होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. विकतच्या साहित्याची जागा बिया, खडे, पाने, शिंपल्यांनी घेतली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

सिंधुदुर्गात काय करता येईल?

बोर्डीसारखाच मालवणलाही समुद्र आहे. ओल्या वाळूत रेघ ओढून मुलाला करवंटीभर पाणी न सांडता चालायला सांगा. डोळे मिटवून शिंपले वेगळे करायला द्या. आमसूल, सुरंगी, सुके खोबरे वासावरून ओळखू द्या. मिनिटभर स्तब्ध बसून लाट, वारा, होडीचे इंजिन असे किती आवाज आले ते मोजू द्या. खेळ थोडा वेळच घ्या, कंटाळले की थांबवा. पाण्याजवळ मोठे माणूस हवेच. चंचलपणा फारच असेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खेळ हा औषधाला पर्याय नाही.