विल्यम बँटिंग यांचं वजन आणि त्याचं बिल

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बँटिंग कुटुंबाची एक नावाजलेली पेढी होती. धंदा अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा, आणि गिऱ्हाईक थेट इंग्लंडचं राजघराणं. १८२० मध्ये तिसरा जॉर्ज गेला, त्याची अंत्ययात्रा याच पेढीने सांभाळली. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनची (असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेसमोर उभा ठाकलेला तो वेलस्ली हाच) आणि १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचीही. या घराण्यातले विल्यम बँटिंग १७९६ च्या डिसेंबरात जन्मले. कामात चोख, पैशाने सुखवस्तू, समाजात मान असलेला माणूस. जगाने मात्र त्यांना लक्षात ठेवलं ते त्यांच्या वजनामुळे.

इन्शुलिनच्या शोधाशी जोडलेले फ्रेडरिक बँटिंग वेगळे, ते कॅनडाचे आणि पुढच्या शतकातले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचासुद्धा इथे गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.

विल्यम बँटिंग यांच्या घरात, आईकडे किंवा वडिलांकडे, कुणी लठ्ठ नव्हतं. त्यांना स्वतःला तिशीनंतर वजन वाढल्याचं जाणवू लागलं आणि हा प्रकार आपल्याला जडू नये, अशी त्यांना मनापासून भीती होती. ते ओळखीतल्या एका नामवंत सर्जनकडे गेले. सर्जननी सांगितलं, कामाला लागण्याआधी सकाळी व्यायाम करा. बँटिंग नदीजवळ राहत होते. त्यांनी चांगली दणकट होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्ही मारली. दंड भरले, अंगात ताकद आली आणि भूकही अशी लागू लागली की विचारता सोय नाही. ते जेवत गेले, वजन वाढत गेलं. शेवटी त्याच सर्जन मित्राने सांगितलं, आता होडी बंद करा.

पुढची वीस-पंचवीस वर्षं याच चालीची. कुणी घोड्यावरून फिरायला सांगितलं, ते फिरले. कुणी समुद्राची हवा सांगितली, कुणी लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट इथलं खनिज पाणी. तेही झालं. औषधांच्या बाटल्या झाल्या. तुर्की स्नानगृहांत बसून घाम गाळला, त्यातून उतरलं ते जेमतेम तीन किलो. एका मोठ्या वैद्याने तर वयाबरोबर दरवर्षी थोडं वजन वाढणं हा निसर्गच आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलं. वीस वर्षांत वीसेक वेळा त्यांनी वजनासाठी उपचार घेतले असतील. प्रत्येक वेळी फी, प्रवास, राहणं, औषध यांचा खर्च अर्थातच खिशातून.

मी सरकारी रुग्णालयात काम करतो. लठ्ठ रुग्णाला पाहिलं की आमच्यातल्या पुष्कळ डॉक्टरांच्या मनात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: तोंडावर ताबा ठेवा आणि जरा हातपाय हलवा. रुग्णांच्या नातेवाइकांचंही तेच, आणि खुद्द रुग्णाचंही. बँटिंग यांच्यापुढे हे वाक्य अगदीच तोकडं पडतं. राजाच्या अंत्ययात्रेत एक घोडा चुकीच्या जागी उभा राहिला तर ज्या पेढीची अब्रू जाणार, ती चालवणारा हा माणूस. शिस्त त्यांना शिकवायची गरज नव्हती. पहाटे दोन तास वल्ही मारणाऱ्याला आळशी कोण म्हणणार? जबाबदारी त्यांनी घेतली होती. ती निभावण्याचा उपयोगी मार्ग मात्र त्यांना कुणी दाखवला नव्हता.

१८६२ चा ऑगस्ट उजाडला तेव्हा ते सहासष्टाव्या वर्षात होते. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना घोटे आणि गुडघे यांना हिसका बसू नये म्हणून ते उलटे, पाठमोरे उतरत. बेंबीपाशी हर्निया झाला होता. नजर मंदावली होती, ऐकू कमी येऊ लागलं होतं. रस्त्यात, सार्वजनिक गाड्यांत, सभासमारंभांत लोकांच्या कुत्सित नजरा आणि शेरे इतके झोंबत की शक्य तिथे त्यांनी जाणंच सोडलं होतं. हे सगळं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, संकोच न करता.

मदत मिळाली ती योगायोगाने, आणि कानामुळे. त्यांचे नेहमीचे कानाचे डॉक्टर सुटीवर गेले होते, म्हणून ते विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. (रक्ताभिसरणवाले हार्वी दोनशे वर्षांपूर्वीचे. या गोष्टीत नावांचा घोळ फारच आहे.) हार्वी कानाचे सर्जन होते. पॅरिसमध्ये त्यांनी क्लोद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करतं, हे बर्नार यांनी दाखवून दिलं होतं. हार्वींच्या डोक्यात विचार सुरू झाला, की साखर आणि पिठूळ पदार्थ यांनी जनावरं पुष्ट होतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे; मग माणसाचं काय? बँटिंग यांचा कान तपासून त्यांनी ठरवलं, की बहिरेपणाच्या मुळाशी चरबी आहे. हे निदान आजच्या कसोटीवर कितपत टिकेल, याची मला शंका आहे. पण उपाय त्यातूनच निघाला.

ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद. सकाळी बीफ, मटण किंवा भाजलेला मासा, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि टोस्टचा एक लहान तुकडा. दुपारी डुकराचं सोडून कुठलंही मांस किंवा सामन सोडून कुठलाही मासा, बटाटा सोडून कुठलीही भाजी, आणि दोन-तीन ग्लास वाइन. संध्याकाळी थोडं फळ, रात्री पुन्हा मांस किंवा मासा. मांस-मासे धरून दिवसाला साडेतीनशे ते सव्वाचारशे ग्रॅम. दारूचं प्रमाण पाहून आज कुणीही डॉक्टर डोक्याला हात लावेल.

वर्षभरात, १८६३ च्या सप्टेंबरपर्यंत, त्यांचं वजन १५६ पौंडांवर आलं. ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो कमी, कंबर सव्वाबारा इंचांनी आत. जिना सरळ उतरता येऊ लागला. बुटाची नाडी बांधता येऊ लागली. ऐकूही बरं येऊ लागलं. हे का घडलं, याचं हार्वींचं स्पष्टीकरण अर्धवट होतं. पाव, बटाटा, साखर आणि बिअर गेल्यावर एकूण उष्मांक बरेच घटले असणार, आणि प्रथिनं भरपूर असल्यामुळे भूक आवरली असणार, असं मला वाटतं. वाचकांनी हा आहार जसाच्या तसा उचलू नये, हे सांगायला हवंच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आता पैशाची बाजू. बरं वाटल्यावर बँटिंग यांनी हार्वींना फीव्यतिरिक्त वेगळी रक्कम दिली, ती त्यांच्या रुग्णालयातल्या गरीब रुग्णांसाठी. मग १८६३ मध्ये लठ्ठपणावर जनतेला उद्देशून एक छोटी पुस्तिका लिहिली, स्वखर्चाने छापली आणि फुकट वाटली. पहिली आवृत्ती संपली, दुसरीही फुकट गेली. मागणी आवरेना तेव्हा तिसरी विकायला काढली, आणि नफा धर्मादाय संस्थांना दिला. काही वर्षांत हजारो प्रती खपल्या, परदेशांत भाषांतरं झाली. लठ्ठपणा हा दुर्गुण नसून आजार आहे आणि त्याला उपचार मिळायला हवा, हा त्या पुस्तिकेचा खरा आशय. आहाराचा तक्ता त्यानंतरचा.

वैद्यकीय जगाने त्यांना डोक्यावर घेतलं नाही. ‘लॅन्सेट’ने सामान्य माणसाने वैद्यकात लुडबुड करू नये अशा सुरात खरडपट्टी काढली. हार्वींचीही थट्टा झाली. डॉक्टरी अहंकाराचा हा नमुना वाचताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. वीस वर्षं त्या माणसाकडून फी घेऊन गुण देऊ न शकलेला हाच तो व्यवसाय.

पण टीकेत न आलेला एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बँटिंग यांचा आहार लंडनमध्ये किती लोकांना परवडत होता? त्याच सुमारास डॉ. एडवर्ड स्मिथ सरकारच्या वतीने कष्टकरी कुटुंबांच्या जेवणाची पाहणी करत होते. त्यांना दिसलं ते असं, की गरिबाचं पोट पावावर चालतं आणि घरात थोडंफार मांस आलं तर ते कमावत्या पुरुषाच्या ताटात जातं. म्हणजे बँटिंग यांना जे पदार्थ सोडायला सांगितले, त्यांवरच बाकीचं शहर जगत होतं. पुस्तिका फुकट होती, पण तिच्यात लिहिलेलं जेवण फुकट नव्हतं. आजारी कष्टकऱ्यापुढे देणग्यांवर चालणारं रुग्णालय किंवा गरिबांसाठीचं अनाथालयवजा इस्पितळ एवढेच पर्याय. सक्तीचा आरोग्यविमा इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने आला आणि सर्वांसाठीची आरोग्यसेवा १९४८ मध्ये.

आज आपल्याकडे हाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे. भूक आवरणारी, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आली आहेत. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याचे १४,००० रुपये. नंतर इतर औषधं आली, किमतीत स्पर्धा सुरू झाली, तरी हा खर्च बहुतांशी खिशातूनच होतो. शस्त्रक्रियेचं पाहा. आपल्या आरोग्यविम्यातल्या प्रमाणित कलमानुसार बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार हवा. बँटिंग यांचा आकडा काढून पाहिला, तो साडेतेहतीसच्या आसपास येतो. पाठमोरा जिना उतरणाऱ्या या माणसाचा दावा विमा कंपनीने नामंजूर केला असता. गंमत म्हणजे वजन उतरल्यावरही त्यांचा आकडा २६ होता, आणि भारतीयांसाठीच्या निकषात २५ पासूनच लठ्ठपणा धरतात.

सार्वजनिक पैसा सगळ्यांना पुरणार नाही, हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. माझ्या वॉर्डात एका खाटेवर क्षयरोगाने खंगलेला रुग्ण असतो आणि शेजारच्या खाटेवर शंभर किलोचा मधुमेही. औषध एकाला द्यायचं झालं तर कुणाला, याचं उत्तर सोपं नाही. त्यात ही इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत येतं, म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा. पण स्वतः खाल्लंत, स्वतः भरा, हे उत्तर हिशेबालाही धरून नाही. त्याच मधुमेह्याची मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजना करते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की अँजिओप्लास्टीचाही करते, आणि ते योग्यच आहे. तेव्हा त्याने काय खाल्लं होतं, हे कुणी विचारत नाही. मग दहा वर्षं आधी, जिथे रोग अडवता आला असता, तिथेच का विचारायचं? माझं मत असं, की ज्यांना लठ्ठपणासोबत मधुमेह, हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास आहे आणि ज्यांची ऐपत नाही, त्यांच्यापासून सरकारी रुग्णालयांत सुरुवात व्हावी. सोबत आहारतज्ज्ञ हवा, नियमित तपासणी हवी. केवळ दिसण्यासाठी पाच किलो उतरवायचे असतील, तर तो खर्च ज्याचा त्याने करावा.

बँटिंग यांनी आपला आहार पुढेही सोडला नाही. अधूनमधून ते प्रयोग करून पाहत: आठवडाभर साखर किंवा दूध पुन्हा सुरू करायचं आणि काट्यावर उभं राहायचं. काटा वर सरकला की बंद. एकदा उतरलेलं वजन आपोआप खाली राहत नाही, उपचार चालूच ठेवावा लागतो, हे त्यांना कुठल्याही औषध-चाचणीच्या आधी कळलं होतं. १८६९ मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती काढली, तेव्हा तब्येत ठणठणीत होती. हार्वींनी १८७२ मध्ये लठ्ठपणा आणि आजार यांवर स्वतःचं पुस्तक लिहिलं. बँटिंग १६ मार्च १८७८ रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले आणि लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यांचं नाव तोवर इंग्रजीत क्रियापद झालं होतं. इंग्रजीतून ते पुढे मागे पडलं, पण स्वीडनमध्ये वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याला आजही लोक ‘बांटा’ म्हणतात.