ज्याँ-मार्तँ शार्को

ज्याँ-मार्तँ शार्को (२९ नोव्हेंबर १८२५, पॅरिस – १६ ऑगस्ट १८९३) हे फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ आणि आधुनिक मज्जासंस्थाशास्त्राचे एक प्रवर्तक होते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा स्वतंत्र रोग असल्याचे प्रस्थापित करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

जीवन

शार्को यांचे वडील घोडागाड्या बनवण्याचा व्यवसाय करीत. १८६२ मध्ये शार्को पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात विभागप्रमुख झाले. तेथे हजारो वृद्ध, निराधार व दीर्घकाळ आजारी स्त्रिया आश्रयाला होत्या. १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांसाठी निर्माण झालेल्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. जोझेफ बाबिन्स्की हे त्यांचे शिष्य. सिग्मंड फ्रॉइड यांनीही काही महिने त्यांच्याकडे अध्ययन केले. उन्माद व संमोहन यांविषयीची शार्को यांची मते मात्र पुढे वादग्रस्त ठरली.

रोगाची ओळख

मेंदू व मज्जारज्जूवरील कठीण चट्ट्यांची चित्रे कार्सवेल आणि क्रूव्हेये यांनी आधीच प्रसिद्ध केली होती. शार्को यांनी रुग्णांची लक्षणे त्यांच्या हयातीत वर्षानुवर्षे नोंदवली आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनातील निष्कर्षांशी ती पडताळून पाहिली. १८६८ मधील व्याख्यानांत त्यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले. पार्किन्सनच्या रोगात हात स्थिर असताना थरथरतो, तर या रोगात तो वस्तू घेण्यासाठी पुढे करताना थरथरतो, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. चट्ट्यांमध्ये चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट होते, परंतु आतील अक्षतंतू बऱ्याच अंशी टिकून राहतो, असेही त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली आढळले.

उपचार

त्या काळी स्ट्रिकनीन, चांदीचे क्षार इत्यादी औषधे योजली जात. परंतु त्यांचा टिकाऊ उपयोग होत नसे. या रोगाच्या उपचारांची गंभीरपणे चर्चा करण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे शार्को यांनी विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले.

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मायलिनवर हल्ला करते, ही समजूत विसाव्या शतकात दृढ झाली. त्यानंतर या यंत्रणेचे नियमन करणारी औषधे विकसित झाली. शार्को यांच्या निधनानंतर १०० वर्षांनी, १९९३ मध्ये, इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे ग्लॅटिरामर, नॅटालिझुमॅब व ऑक्रेलिझुमॅब ही औषधे आली. त्यांमुळे रोगाचे झटके कमी होतात. मात्र रोग समूळ बरा होत नाही आणि आधीच झालेली हानी भरून निघत नाही. त्यामुळे शार्को यांनी आग्रह धरलेले अचूक निदान लवकर होणे आजही महत्त्वाचे मानले जाते.