मारिया गाएताना आन्येझी : मिलानची गणितज्ञ कन्या

इटलीतील पादुआ शहराच्या एका विद्वत्सभेपुढे १७२३ साली एक प्रश्न चर्चेला आला. स्त्रियांना शास्त्रे व उच्च विद्या शिकू द्याव्यात की नाही, असा तो प्रश्न होता. मांडणारे पुरुष, बाजू घेणारे पुरुष आणि विरोध करणारेही पुरुषच. अध्यक्षस्थानी असलेले निसर्गशास्त्रज्ञ अंतोनियो वाल्लिस्नेरी यांनी अखेरीस मधला मार्ग काढला. ज्यांच्या ठायी विद्येची विशेष ओढ आहे अशा निवडक स्त्रियांनी शिकावे. बाकीच्यांसाठी हा मार्ग नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. ज्या मुलीचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ती त्या वेळी मिलानमध्ये अवघी पाच वर्षांची होती. पुढे ती त्या 'निवडक' स्त्रियांत गणली गेली. तिला त्याचा लाभ झाला, आणि आमच्या मते त्याची किंमतही तिलाच मोजावी लागली.

मारिया गाएताना आन्येझी हिचा जन्म १६ मे १७१८ रोजी मिलान येथे झाला. (इंग्रजी पुस्तकांवरून आपल्याकडे हे आडनाव 'अग्नेसी' असे वाचले जाते, इटालियन उच्चार आन्येझी असा आहे.) तिचे वडील पिएत्रो गणिताचे प्राध्यापक होते असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते, ते खरे नाही. रेशमाच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या घराण्यातील ते गृहस्थ होते आणि मिलानच्या सरदारवर्गात आपल्याला स्थान मिळावे ही त्यांची मोठी आकांक्षा होती. त्यांचे तीन विवाह झाले व त्यांना एकूण एकवीस अपत्ये झाली. मारिया त्यांतील सर्वांत थोरली. तिची बुद्धी विलक्षण आहे हे वडिलांनी लवकर ओळखले आणि घरी उत्तम शिक्षक ठेवले. ते बहुतेक धर्मगुरूच होते. बालवयातच ती फ्रेंच अस्खलित बोलू लागली. मग लॅटिन, ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश व जर्मन या भाषा तिने आत्मसात केल्या. 

१७२७ साली, नऊ वर्षांची असताना, तिने घरी जमलेल्या प्रतिष्ठितांसमोर एक लॅटिन भाषण म्हणून दाखवले. स्त्रियांनी विद्या शिकण्यात काहीच अनुचित नाही, हा त्याचा विषय होता. मूळ मजकूर शिक्षकांनी इटालियनमध्ये तयार केला होता आणि तिने अभ्यास म्हणून त्याचे लॅटिन केले होते. भाषण छापले गेले, आणि पादुआच्या त्या वादाचे निबंध १७२९ साली ग्रंथरूपाने निघाले तेव्हा त्यांतही ते समाविष्ट करण्यात आले. स्त्रियांचा पक्ष एका पुरुषाने लिहावा व तो एका बालिकेच्या मुखी घालावा, यातला विरोधाभास त्या काळी कुणाला खटकला नसावा. मात्र वीस वर्षांची झाल्यावर, १७३८ साली, तिने तत्त्वज्ञान व निसर्गशास्त्रावरील सुमारे १९० सिद्धान्तांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्त्रिया सर्व विद्यांस पात्र आहेत हे विधान तिने स्वतःच्या नावाने केले.

आन्येझींच्या वाड्यातील सायंकाळच्या सभा मिलानमध्ये प्रसिद्ध होत्या. परदेशी प्रवासीही त्या पाहण्यासाठी येत. फ्रान्समधील दीजों येथील न्यायाधीश शार्ल द ब्रॉस १७३९ साली तेथे गेले. वर्तुळाकार बसलेले निरनिराळ्या देशांचे तीसेक पाहुणे आणि त्यांच्याशी लॅटिनमध्ये वाद घालणारी ही तरुणी, असे दृश्य त्यांनी पाहिले. आत्मा व शरीर यांचा संबंध, समुद्राची भरती-ओहोटी असे विषय निघत. मध्यंतरी धाकटी बहीण मारिया तेरेसा हार्प्सिकॉर्ड वाजवी. ती पुढे संगीतरचनाकार म्हणून नावारूपाला आली. पाहुणे थक्क होऊन परतत. या सभांतून घराण्याची प्रतिष्ठा वाढत होती, हे पिएत्रो जाणून होते. त्या मुलीला मात्र चारचौघांत असे मिरवणे मनापासून आवडत नव्हते. त्याआधी, बारा-तेरा वर्षांची असताना, तिला झटके येण्याचा आजार जडला होता. वैद्यांनी त्याचा दोष अति अभ्यासाला दिला व नृत्य आणि घोडदौड यांचा उपाय सुचवला. त्याने आजार वाढला. मुलींच्या प्रकृतीला अभ्यास सोसत नाही, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

१७३२ साली आई वारली. धाकट्या भावंडांचा भार मारियावर आला. १७३९ च्या सुमारास तिने मठात जाऊन व्रतस्थ होण्याची इच्छा वडिलांजवळ बोलून दाखवली. त्यांना ते सहन होईना. अखेर एक तडजोड झाली : ती घरी राहील, पण साधे कपडे घालील, हवे तेव्हा चर्चमध्ये जाईल, आणि नृत्य-नाट्याच्या समारंभांना तिला बोलावले जाणार नाही. मागच्या पिढीतील आपल्या घराघरांतही अशा वाटाघाटी झाल्या आहेत. बापलेकीचा हा प्रसंग समजायला आपल्याला इतिहासाची गरज नाही.

आता त्यांचे मन गणिताकडे वळले. १७४० साली ऑलिवेतन संघाचे व्रतस्थ रामिरो राम्पिनेल्ली मिलानला आले. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांच्यासारखा मार्गदर्शक मारियांना प्रथमच लाभत होता. न्यूटन व लायब्निट्स यांनी शोधलेले कलनशास्त्र तेव्हा अजून तरुण होते. सतत बदलणाऱ्या राशीचा एखाद्या क्षणीचा वेग कसा काढावा, वक्ररेषेने वेढलेले क्षेत्रफळ कसे मोजावे, हे ते शिकवते. आज आपली मुले बारावीला विकलन आणि संकलन म्हणून शिकतात ते हेच. पण हे ज्ञान लॅटिन, फ्रेंच अशा भाषांतील लेखांत आणि पत्रव्यवहारात विखुरलेले होते. एका लेखकाची पद्धत दुसऱ्याशी जुळत नसे. चांगला गुरू जवळ नसेल, तर जिज्ञासू विद्यार्थ्याने करावे काय?

मारिया आन्येझींनी हा प्रश्न मनावर घेतला. भावांना शिकवण्यासाठी केलेली टिपणे वाढत गेली असे सांगितले जाते. पुढे गणितज्ञ याकोपो रिक्काती यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी मजकूर तपासून घेतला. १७४८ साली दोन खंडांचा, हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ तयार झाला. नाव होते 'इन्स्तित्युत्सिओनी अनालितिके', आणि तो इटलीतील युवकवर्गासाठी आहे असे शीर्षकातच नमूद होते. पहिल्या खंडात बीजगणित व बैजिक भूमिती. दुसऱ्यात विकलन, संकलन आणि विकलक समीकरणे. साध्या पायरीवरून अवघड पायरीवर, दर ठिकाणी सोडवलेली उदाहरणे देत, वाचकाला नेले आहे. हे सारे लॅटिनमध्ये न लिहिता मातृभाषेत लिहिले, हा निर्णय आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॅटिन मुलांच्या विद्यालयांत शिकवले जाई. मुलींपैकी ते फारच थोड्यांना येई. छपाईवर जवळून लक्ष ठेवता यावे म्हणून छापखान्याची यंत्रे त्यांच्या घरीच आणली होती. सूत्रांचे खिळे कसे जुळवायचे हे त्या कारागिरांना स्वतः दाखवत.

मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली होते. ग्रंथ सम्राज्ञी मारिया तेरेसा हिला अर्पण केला होता आणि ती स्त्री आहे हाच आपल्याला मोठा आधार वाटल्याचे लेखिकेने अर्पणपत्रात सांगितले. सम्राज्ञीने हिऱ्याची अंगठी व रत्नजडित पेटी पाठवली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४९ साली ग्रंथाची प्रशंसा केली. सभासदत्व देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता; त्या अकादमीची पहिली पूर्ण स्त्री-सभासद, गणितज्ञ इव्होन शोके-ब्रुहा, १९७९ साली निवडली गेली.

त्या काळी परमगुरू पोप बेनेडिक्ट चौदावे होते. सेमिनरीत त्यांचे नाव आम्ही वाचले ते संतपदाच्या चौकशीवरील त्यांच्या मोठ्या ग्रंथामुळे. विद्येचे आश्रयदाते म्हणून त्यांची ओळख पुढे झाली. ते स्वतः बोलोन्याचे. तेथील आर्चबिशप असताना, १७३२ साली, लाउरा बास्सी या तरुणीला विद्यापीठाची पदवी मिळाली तेव्हा त्यांनी तिला पाठबळ दिले होते. १७५० साली त्यांनी बोलोन्या विद्यापीठातील गणिताच्या अध्यासनावर मारिया आन्येझींची नेमणूक केली. गणिताची पहिली स्त्री-प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे. पण त्या बोलोन्याला कधीच गेल्या नाहीत, तेथे त्यांनी एकही व्याख्यान दिले नाही.

तेथे जाऊन काय मिळाले असते? बास्सींचा अनुभव बोलका आहे. त्यांना पदवी मिळाली, वेतन मिळाले, पण जाहीर व्याख्याने केवळ ठराविक प्रसंगी देण्याची मुभा होती. त्यांनी आपल्या घरीच भौतिकशास्त्राचे वर्ग चालवले, आणि प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांच्या हाती आले ते १७७६ साली, मृत्यूपूर्वी दोन वर्षे. त्याआधीचे उदाहरण आणखी कठोर आहे. एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांनी पादुआत ईशज्ञानाची पदवी मागितली. महागुरुस्वामींनी नकार दिला, कारण स्त्रीने ईशज्ञान शिकवणे त्यांना मान्य नव्हते. १६७८ साली तत्त्वज्ञानाची पदवी देण्यात आली आणि नंतर पादुआने ते दार पुन्हा लावून घेतले. ख्रिस्तसभेने या विदुषींचा गौरव केला हे आम्ही अभिमानाने लिहितो. त्याच ख्रिस्तसभेच्या छायेखालील विद्यापीठांत त्यांच्या धाकट्या बहिणींसाठी बाक नव्हता, हेही लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

वडील १७५२ साली निवर्तले. चौतीस वर्षांच्या मारियांनी गणित बाजूला ठेवले. दहा वर्षांनी तुरीन विद्यापीठाने तरुण लाग्रांज यांच्या नव्या संशोधनावर अभिप्राय मागितला तेव्हा, आपण आता या विषयात लक्ष घालत नाही, असे त्यांनी कळवले. त्या धर्मशिक्षण देत होत्या, गरीब मुलींना शिकवत होत्या, आजारी स्त्रियांना स्वतःच्या घरी आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या. घरच्यांना ते अवघड होऊ लागले तेव्हा त्यांनी वेगळी जागा भाड्याने घेतली. सम्राज्ञीच्या भेटी विकून तो खर्च भागवला. १७७१ साली प्रिन्स त्रिवुल्त्सिओ यांच्या देणगीतून मिलानमध्ये वृद्ध व रुग्ण निराधारांसाठी आश्रम सुरू झाला. आर्चबिशप पोत्सोबोनेल्ली यांनी स्त्रियांच्या विभागाची देखरेख त्यांच्याकडे सोपवली आणि १७८३ पासून त्या तेथेच राहू लागल्या.

काही इतिहासकार या निवृत्तीकडे विज्ञानाची हानी म्हणून पाहतात. आम्हा धर्मगुरूंना ती केवळ पवित्र त्याग म्हणून सांगण्याचा मोह होतो. दोन्ही स्पष्टीकरणे फार सोपी आहेत. मठाची ओढ गणिताच्या आधीपासून होती, हे खरे. पण सहाध्यायी, विद्यार्थी, प्रयोगशाळा वा वर्गखोली यांपैकी काहीच ज्या विद्येबरोबर मिळत नाही, मिळते ते फक्त कौतुक, ती विद्या माणसाने किती काळ एकट्याने वाहावी? त्रिवुल्त्सिओ आश्रमात निदान त्यांची गरज होती, आणि तेथे त्यांना रोज कुणीतरी वाट पाहणारे होते.

९ जानेवारी १७९९ रोजी, ऐंशी वर्षांच्या असताना, त्यांचे निधन झाले. त्यांना गरिबांच्या सामायिक खड्ड्यात पुरण्यात आले.

ग्रंथाचे नशीब वेगळे होते. केंब्रिजमध्ये न्यूटन यांच्या अध्यासनावर बसलेले जॉन कोल्सन हे केवळ या पुस्तकासाठी उतारवयात इटालियन शिकले. भाषांतरात एका वक्ररेषेचे नाव त्यांनी चुकवले. 'वेर्सिएरा' म्हणजे वळणारी रेषा. त्यांनी तो शब्द सैतानाच्या स्त्रीसाठी असलेल्या तशाच एका शब्दासारखा घेतला आणि टेकडीच्या आकाराची ती सौम्य रेषा 'विच ऑफ अग्नेसी', म्हणजे आन्येझीची चेटकीण, होऊन बसली. रेषा मारियांनी शोधलेली नव्हती. त्यांच्या आधी फेर्मा व ग्रांदी यांनी ती अभ्यासली होती. तरीही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या धर्मशील स्त्रीचे नाव आजही चेटकिणीला जोडूनच येते. 

इंग्लंडमधील स्त्रियांनाही हे गणित समजावे म्हणून कोल्सन यांनी आन्येझींच्या ग्रंथाचे एक सुलभ रूप लिहावयास घेतले होते. १७६० साली ते वारले आणि ते काम अपुरे राहिले. भाषांतर १८०१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ साली.