प्रवचनकाराची पारख : संत डॉमिनिक यांचे जीवन



आज प्रवचनकारांचा तुटवडा नाही. मैदानावरील मंडपात, दूरदर्शनच्या पडद्यावर आणि हातातल्या मोबाईलवर दिवसरात्र कोणी ना कोणी प्रभूचे नाव घेऊन बोलत असतो. यांतील खरा कोण आणि खोटा कोण, हा प्रश्न अनेक कुटुंबे आपल्या धर्मगुरूंना विचारतात. प्रश्न नवा नाही. आठशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधील भाविकांपुढे तो याहून बिकट स्वरूपात उभा होता. त्या काळात प्रवचन हेच ज्यांनी आपले जीवनकार्य मानले, त्या संत डॉमिनिक यांचा सण ख्रिस्तसभा ८ ऑगस्ट रोजी साजरा करते. त्यांचे चरित्र या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकते.

डॉमिनिक यांचा जन्म सन ११७० च्या सुमारास स्पेनमधील कास्तील प्रांतातील कालेरुएगा या गावी झाला. पालेन्सिया येथे त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे शिक्षण घेतले. विद्यार्थीदशेत असतानाच त्या भागात भीषण दुष्काळ पडला. उपाशी माणसे पाहून या तरुणाने आपले ग्रंथ विकून टाकले आणि आलेला पैसा गरिबांना वाटला. छापखान्याच्या शोधापूर्वीचा तो काळ. चर्मपत्रांवर हाताने लिहिलेले, स्वतःच्या टिपणांनी भरलेले ते ग्रंथ म्हणजे विद्यार्थ्याचे सर्वस्वच. पुढे आयुष्यभर जे शब्दांनी सांगायचे होते, ते त्यांनी आधी कृतीने सांगितले.

पुढे ते ओस्मा येथील कॅथेड्रलमध्ये व्रतस्थ धर्मगुरू झाले. सन १२०३ मध्ये तेथील बिशप दिएगो यांना राजाच्या कामासाठी उत्तरेकडे डेन्मार्कच्या दिशेने जावे लागले, तेव्हा डॉमिनिक त्यांच्यासोबत होते. वाटेत तुलूझ येथे ज्या धर्मशाळेत त्यांनी मुक्काम केला, तिचा चालक काथार पंथाचा होता. डॉमिनिक यांनी रात्रभर त्याच्याशी संवाद केला आणि पहाटे तो माणूस ख्रिस्तसभेत परतला. त्या एका रात्रीने त्यांच्या जीवनाला दिशा दिली.

हे काथार कोण होते? त्यांच्या मते दृश्य सृष्टी व शरीर ही दुष्ट शक्तीची निर्मिती होती. साहजिकच देवपुत्राने खरोखर मानवी देह धारण केला हे त्यांना मान्य नव्हते. विवाह आणि ख्रिस्तप्रसाद यांनाही त्यांच्याकडे स्थान नव्हते. मात्र त्यांचे प्रमुख, ज्यांना ‘परिपूर्ण’ म्हणत, ते अत्यंत साधे राहत, पायी फिरत, मांसाहार वर्ज्य करीत आणि कडक उपवास करीत. उलट त्यांना सन्मार्गावर आणण्यासाठी पोप तिसरे इनोसंट यांनी पाठविलेले प्रतिनिधी घोड्यांवरून, नोकरचाकर व सामानसुमानासह येत. शिकवण यांची खरी होती, पण लोकांचा विश्वास त्यांच्या जगण्यावर बसत होता.

सन १२०६ मध्ये मोंपेलिए येथे हे प्रतिनिधी निराश होऊन आपले काम सोडण्याच्या विचारात होते. तेथे आलेल्या बिशप दिएगो यांनी त्यांना घोडे आणि लवाजमा सोडून प्रेषितांप्रमाणे पायी, रिकाम्या हाती फिरण्याचा सल्ला दिला. पुढाकार कोणी घ्यायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा दिएगो यांनी स्वतःचे घोडे व माणसे ओस्माला परत पाठवून दिली आणि डॉमिनिक यांना घेऊन ते चालू लागले. गावोगावी जाहीर वादसभा झाल्या. सन १२०७ मध्ये माँरेआल येथील वादसभा तर सुमारे पंधरा दिवस चालली. प्रुई येथे काथार पंथातून परतलेल्या स्त्रियांसाठी डॉमिनिक यांनी मठ स्थापन केला.

त्याच वर्षाच्या अखेरीस दिएगो निवर्तले. जानेवारी १२०८ मध्ये पोपचे प्रतिनिधी पीटर यांची हत्या झाली आणि पुढच्या वर्षी धर्मयुद्धाच्या नावाने सैन्य दक्षिणेत उतरले. बेझिए शहरात मोठा नरसंहार झाला. त्या सैन्याचा नेता सिमों द माँफोर हा डॉमिनिक यांचा स्नेही होता, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि डॉमिनिक यांचे स्वतःचे साधन प्रार्थना, तप आणि प्रवचन हेच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी सुरू झालेल्या धर्मचौकशीच्या कामात त्यांचे अनुयायी नेमले गेले, ही इतिहासातील वेदनादायक गोष्ट होय. सत्याच्या सेवेत असहिष्णुतेचा मार्ग वापरल्याबद्दल सन २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी देवापाशी क्षमायाचना केली.

सन १२१५ मध्ये तुलूझचे बिशप फुल्क यांनी डॉमिनिक व त्यांच्या सोबत्यांना आपल्या धर्मप्रांतात प्रवचनकार म्हणून नेमले. २२ डिसेंबर १२१६ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली. संघ अगदी लहान होता. तरीही १२१७ च्या ऑगस्टमध्ये डॉमिनिक यांनी आपल्या बंधूंना पॅरिस, स्पेन अशा दूरदूरच्या ठिकाणी धाडले. अभ्यासाविना प्रवचन नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून विद्यापीठांची शहरे त्यांनी मुद्दाम निवडली. स्वतः ते मत्तयचे शुभवर्तमान व संत पौलाची पत्रे नेहमी जवळ बाळगत. बिशपपद त्यांनी नाकारले. सन १२२० मध्ये बोलोन्या येथील सर्वसाधारण सभेत त्यांनी प्रमुखपदही सोडू पाहिले, पण बंधूंनी ते मान्य केले नाही. ६ ऑगस्ट १२२१ रोजी तेथेच, दुसऱ्याच्या खाटेवर त्यांनी देह ठेवला, कारण स्वतःची खाट त्यांच्याकडे नव्हती. सन १२३४ मध्ये त्यांना संतपद बहाल करण्यात आले. त्यांच्याच संघात पुढे संत थॉमस अक्वायनस घडले. वसईच्या किल्ल्यात या संघाच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

या चरित्रातून काय शिकावे? प्रवचनकार ऐश्वर्यात लोळत असेल, तर त्याचे शब्द कितीही शुद्ध असले तरी ते वांझ ठरतात. हे मोंपेलिए येथे दिसले. परंतु केवळ साधेपणा पाहूनही भुलू नये, कारण काथारांचे प्रमुखही साधेच होते. म्हणून जीवन आणि शिकवण दोन्ही तपासावे. तो मनुष्य झालेल्या ख्रिस्ताकडे आणि संस्कारांकडे नेतो की स्वतःभोवती गर्दी जमवितो? त्याला ख्रिस्तसभेने पाठविले आहे काय, आणि तो कोणाला उत्तरदायी आहे? तो दानपेटीकडे पाहतो की उपाशी माणसाकडे?

हे प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. मात्र ते प्रथम आम्हा धर्मगुरूंना विचारले जावेत. वेदीजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने घोड्यावरून उतरण्याची तयारी ठेवली, तर भाविकांना पारख करणे कठीण जाणार नाही. संत डॉमिनिक यांच्या मध्यस्थीने ती कृपा आपणा सर्वांना लाभो.